मधली गिटार

"पापा बोना, तिथं तुमचा हात थांबला, की टेपच खराब आहे?"

एक्झोसेने हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला, आणि या वेळी तो आमच्या अंगणात मावला नाही. शेजारची मासेवाली हातातला सुरा तसाच धरून भिंतीवरून डोकावली. आमच्या घरातली एकही गोष्ट गेल्या पंधरा वर्षांत गुपित राहिलेली नाही. माझ्या नवऱ्याला काही सांगायचं म्हणजे आधी अख्ख्या गल्लीला सांगावं लागतं.

बोना अंगणात खुर्ची टाकून कसाव्याचा पाला निवडत बसला होता. त्याने एक पिवळं पान बाजूला काढलं, उलटसुलट करून पाहिलं.

"ऐकलं मी," तो म्हणाला. "बहिरा झालोय, मठ्ठ नाही."

"मग?"

"उद्या येतो तुझ्याकडे. ऐकल्याशिवाय कसं सांगणार?"

भिंतीपलीकडे मासेवाली फिस्सकन हसली. मी तिच्याकडे असं पाहिलं की तिचं डोकं खाली गेलं.

एक्झोसे ही अठ्ठावीस वर्षांची पोरगी. इतर मुली गळ्यात माळ घालतात, ही हेडफोन घालते. आजचा एक मोठा गायक आहे, ज्याची गाणी किन्शासापासून पॅरिसपर्यंत वाजतात, त्याच्या रेकॉर्डिंगचं सगळं काम ही बघते. त्या गायकाला आपल्या नव्या गाण्यात आमच्या काळातल्या 'झेफिरीन'चा नाचाचा भाग घ्यायचाय. कुठल्याशा जुन्या स्टुडिओच्या माळ्यावर त्या गाण्याची मूळ टेप सापडली. एक्झोसेच्या कॉम्प्युटरने त्यातून प्रत्येक वाद्य वेगळं काढलं, डाळीतून खडे वेचावेत तसं. आणि त्यात बोनाची गिटार निघाली. तिच्यात मध्येच एक भोक आहे, चार ठोक्यांचं. तेवढा वेळ तिथं काहीच वाजत नाही.

"जुन्या टेपवरून बारीक आवाज आधी उडतात, पापा. जाड आवाज राहतात. तसं झालं असेल तर मी भरून टाकते. कुणाला पत्ता लागणार नाही. पण तुम्ही मुद्दाम थांबला असाल तर मी हात लावणार नाही. आणि जर चुकून..." पुढचं ती गिळून बसली. चांगल्या घरची आहे.

"चुकून वगैरे काही नाही," मी म्हटलं. "त्याचा हात थांबला नव्हता. लिहून घे."

"मा फिलो, तुम्ही तिथं होता?"

"नव्हते. पण याच गोष्टीवरून मी पन्नास वर्षं लोकांशी भांडतेय. तिथं असणाऱ्यांपेक्षा मला जास्त माहितीये."

बोनाने माझ्याकडे पाहिलं. मग टोपली उचलली आणि पाला अर्धाच निवडलेला ठेवून आत गेला. मला वाटलं, अभिमान दुखावला बिचाऱ्याचा.

'झेफिरीन' आलं चौऱ्याहत्तर साली. तेव्हा गाणं तबकडीच्या एका बाजूला असे आणि नाच दुसऱ्या बाजूला. पहिल्या बाजूला एक पुरुष झेफिरीनच्या दारात उभा राहून रडतो, विनवण्या करतो, तिच्या आईला नावं ठेवतो. तोवर सगळे बियर घेऊन शांत बसलेले. मग कुणीतरी उठून तबकडी उलटायचं, आणि त्या क्षणी खुर्च्या मागे सरकवल्याचा जो आवाज व्हायचा तो मला अजून ऐकू येतो. म्हातारे उठत, गरोदर बायका उठत. एकदा एका लग्नात मी पाद्रीबाबांना उठताना पाहिलंय, आणि ते नुसते उठून थांबले नव्हते.

त्या ऑर्केस्ट्राचं नाव एबाले, म्हणजे आमची नदी. त्यात तीन गिटारी होत्या. एक वर गाते, तिच्या वाजवणाऱ्याला लोक खांद्यावर घेऊन नाचतात. एक खाली ताल धरून बसते. आणि या दोघींच्या मधून एक पळत असते, तेच आठ सूर पुन्हा पुन्हा, न थांबता, दहा दहा मिनिटं. ती बोनाची. वरचीच्या आणि खालचीच्या पायात पाय येऊ नये म्हणून त्याने आपल्या गिटारीची चौथी जाड तार काढून तिथं दुसरी पातळ तार लावली होती. आमच्याकडचे मधले गिटारवाले सगळे असंच करतात. लग्नात कुणी विचारलं, "यातली तुझी कुठली रे?" तर बोना म्हणायचा, "जी ऐकू येत नाही, ती." सगळे हसायचे. मीही हसायचे. खरं सांगायचं तर मलाही ती कधी वेगळी ऐकू आली नाही. जन्मभर मी त्या माणसाच्या वाजवण्यावर नाचले आणि त्याला एकदाही ऐकलं नाही.

रेकॉर्डिंगच्या खोलीत दोनच मायक्रोफोन होते. एक गाणाऱ्यांना, एक बाकी सगळ्यांना मिळून. कुणाचा आवाज कमी हवा असेल तर त्याला लांब उभं करायचं, एवढीच युक्ती. ऑर्केस्ट्राच्या मालकाला आमच्याकडे प्रेसिडेंट म्हणतात. प्रेसिडेंट लोकुली खडूने जमिनीवर खुणा करायचे, ज्याने त्याने आपल्या खुणेवर उभं राहायचं. बोनाची खूण सगळ्यात मागे, भिंतीशी, बेस गिटारच्या खोक्याशेजारी. बेस वाजवायचा माझा मोठा भाऊ लेओपोल. त्यानेच बोनाला ऑर्केस्ट्रात आणलं आणि त्यानेच त्याला एका रविवारी आमच्या घरी जेवायला आणलं.

एकजण चुकला तर सगळ्यांनी पहिल्यापासून सुरुवात करायची. त्या दिवशी दोनदा फसलं. तिसऱ्यांदा शेवटपर्यंत गेलं, आणि खोली रिकामी करायची वेळ झाली. प्रेसिडेंट सगळ्यांसमोर म्हणाले, "बोना, तुझा हात थांबला."

"नाही."

"मी पाहिलं. थांबला."

"नाही थांबला, प्रेसिडेंट."

तबकडी तीच निघाली. महिनाभरात शहर तिच्यावर नाचायला लागलं. बोनाला पुढच्या तालमीचं बोलावणं आलं नाही.

मी एकोणीस वर्षांची होते. रेकॉर्डिंगच्याच संध्याकाळी तो आमच्या फाटकाशी आला आणि म्हणाला, "फिलो, माझा हात थांबला नव्हता." मी त्याच्यावर विश्वास ठेवला, आणि तो ठेवताना मला फार बरं वाटलं. तासाभराने लेओपोल घरी आला. जेवता जेवता सहज म्हणाला, "थांबला होता. मी शेजारीच उभा होतो की." मी ताट सरकवलं. त्याला म्हटलं, तू प्रेसिडेंटचा चमचा आहेस, आणि भाऊ म्हणवून घ्यायची तुझी लायकी नाही. आईने माझ्या तोंडावर हात ठेवला तोवर माझं आणखी बरंच बोलून झालं होतं.

आमचं लग्न झालं. लेओपोल आला, कोपऱ्यात बसला, जेवून गेला. पुढे मी त्याच्याशी बोलायचे ते सरकारी माणसाशी बोलावं तसं. कसं आहे, बरं आहे, येते. तो मात्र दर नाताळला आमच्याकडे मासे पाठवायचा. अकरा वर्षांपूर्वी तो गेला तेव्हा मी गेले, पण मेलेल्याच्या बहिणी डोकं झाकून ज्या चटईवर बसतात तिथं बसले नाही. शेजारणींच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. लोकांनी पाहिलं. मला वाटलं, मी माझ्या नवऱ्याच्या बाजूने उभी आहे.

बोनाने गिटार पुन्हा हातात धरली नाही. नदीपलीकडच्या शहराला जाणाऱ्या बोटीवर तो इंजिनाला तेल घालायला लागला आणि एकतीस वर्षं तेच केलं. रोज चार फेऱ्या, त्या लोखंडी पोटात. इंजिनाने त्याचे कान हळूहळू खाल्ले. आधी पक्षी गेले, मग नातवंडांचे आवाज, मग माझा. माझा गेला हाच काय तो फायदा, असं तो म्हणतो. डॉक्टर म्हणाले, बारीक, उंच आवाज गेलेत ते आता येणार नाहीत, जाड तेवढे राहतील. ट्रक त्याला ऐकू येतो, दाराची घंटा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वतः पँटला इस्त्री केली. लाल मोजे घातले, बूट इतके चमकवले की मी म्हटलं, "रेकॉर्डिंग बुटांचं आहे का?" त्याला ऐकू आलं नाही, किंवा आलं असेल. टॅक्सी-बसमध्ये तो खिडकीतून बाहेर बघत होता. मी त्याचा हात धरला तर तो गार होता.

बांदालमध्ये एका दुमजली घराच्या मागच्या दोन खोल्या म्हणजे एक्झोसेचा स्टुडिओ. भिंतींवर अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. तिथं मास्टर त्रेसोर बसले होते, त्या मोठ्या गायकाचे गिटारवाले, पंचेचाळिशीचे, दोन्ही हातांत अंगठ्या. बोना आत आला तसे ते उठले, आमच्या रीतीने तीनदा कपाळाला कपाळ लावलं आणि त्याचा हात सोडेचनात.

"पापा, या बोटांवरून मी शिकलो. नाव नव्हतं माहीत. तबकडीच्या कव्हरवर तुमचं नावच नाही."

"काय म्हणतात?" बोनाने मला विचारलं.

"म्हणतात, तुझं नाव नाही कुठं!" मी ओरडले.

"ते मला माहितीये."

"टेप खराब आहे, पापा," मास्टर त्रेसोर ओरडून म्हणाले. "मी शपथ घेतो. असला हात थांबत नसतो. आठ मिनिटं ऐकलंय मी, एक सूर इकडचा तिकडे नाही. तुम्ही फक्त 'टेप' म्हणा, आम्ही भरून टाकतो."

एक्झोसेने बोनाच्या डोक्यावर हेडफोन चढवले आणि बटण दाबलं. आम्ही तिघं त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्याने डोळे मिटले, उघडले, परत मिटले.

"लांब कुठंतरी कुणी तांदूळ निवडतंय," तो म्हणाला.

एक्झोसेने आवाज वाढवला.

"आता दोघं निवडतायत."

ती आणखी वाढवायला गेली, तर मीच तिचा हात धरला. मास्टर त्रेसोरनी तोंड फिरवलं. बोनाने हेडफोन काढले, नीट पुसले आणि माझ्यापुढे धरले. "तू ऐक," तो म्हणाला. "कसं आहे ते सांग मला."

मी ते डोक्याच्या फडक्यावरूनच चढवले.

हे कसं सांगू? मी कपडे शिवणारी बाई. माझ्याकडे याचे शब्द नाहीत. गाणारे नव्हते, ढोल नव्हते, वरची गिटार नव्हती. अख्खा ऑर्केस्ट्रा खोलीतून निघून गेला होता आणि एकटा बोना वाजवत होता. तेवीस वर्षांचा. ज्याला दात होते, केस होते, ज्याला माझ्याशी अजून धड बोलताही येत नव्हतं तो. तेच आठ सूर, पण तेच नव्हते. दर फेरीला तो कुठंतरी केसभर पुढे व्हायचा, कुठंतरी मागे राहायचा, कुणाला तरी वाट करून द्यायचा, कुणाच्या तरी पाठीला हात लावून पुढे ढकलायचा, आणि ज्याला ढकललं त्याला कळायचंही नाही. माझ्या अंगावर काटा आला. मला एकदम दिसलं की पन्नास वर्षं माझी कंबर जी हलत होती ती ढोलामुळे नव्हती, त्या वर गाणाऱ्या गिटारीमुळे तर नव्हतीच. मला तो हलवत होता. आम्हा सगळ्यांना, पाद्रीबाबांनाही. आणि हा माणूस रोज संध्याकाळी डबा हातात घेऊन तेलाचा वास मारत घरी यायचा आणि मी त्याला म्हणायचे, चपला बाहेर काढ.

मला तिथं रडू आलं असतं, पण तेवढ्यात तो थांबला. कानांत नुसती हवा. मग परत सुरू झाला, जसं काही घडलंच नाही.

मी हेडफोन काढले. "आहे," मी म्हटलं. "भोक आहे."

"कुठं?" बोना माझ्या ओठांकडे बघत होता.

"तिथं मध्ये."

"मध्ये कुठं? गाणारे परत येतात त्याच्या आधी की नंतर? किती फेऱ्या झाल्यावर?"

"मला काय ठाऊक! मी काय मोजत बसले होते का?"

एक्झोसेने त्याला पडद्यावरची रेघ दाखवली. त्याला त्यातलं काही उमजलं नाही. तो हट्टाने माझ्याकडेच बघत राहिला, जसं काही पन्नास वर्षांचा निकाल माझ्या तोंडून निघायचा होता. डोक्याला आठवत नाही ते पायांना आठवतं, एवढं मला माहीत होतं. मी पिशवी खुर्चीवर ठेवली.

"नाचून दाखवते. त्याची एकट्याची गिटार लाव, मोठ्याने."

एकोणसत्तर वर्षांची मी, डावा गुडघा धड नाही. पण ती गिटार त्या खोलीत वाजायला लागली आणि गुडघा कुठं गेला कोण जाणे. मी हलके हलके सुरू केलं, कंबर, मग पाय, जसं लिंगवाला भागातल्या बारमध्ये शिकले होते तसं. मास्टर त्रेसोर न राहवून माझ्याबरोबर पाय टाकायला लागले, त्यांच्या मागे एक्झोसे. बोना खुर्चीत पुढे वाकून आमच्या पायांकडे बघत होता.

आणि ती जागा आली. माझा डावा पाय वर गेला आणि वरच राहिला.

तो बगळा होता. 'झेफिरीन'वर जो कुणी नाचलाय त्याला बगळा येतो. एक पाय वर घ्यायचा, हात जरा पसरायचे आणि नदीकाठच्या बगळ्यासारखं निश्चल उभं राहायचं. मग सगळ्यांनी मिळून एकदम पाय खाली. आयांनी लेकींना शिकवला, लेकींनी त्यांच्या लेकींना. प्रेसिडेंट लोकुलींनी रेडिओवर सांगितलं होतं की ही चाल त्यांना झोपेत सुचली.

मी एका पायावर उभी राहिले. खोलीत काही वाजत नव्हतं. माझा पाय बरोबर त्या भोकात उभा होता. मास्टर त्रेसोरांचाही. एक्झोसेचाही, जी त्या गाण्यानंतर बावीस वर्षांनी जन्मली. तीन बगळे, आणि आमच्यात एक म्हातारा बसलेला.

गिटार परत सुरू झाली. तीन पाय खाली आले.

कुणी काही बोलण्याआधी माझ्या लक्षात आलं. बगळा मी शिकले तबकडी निघाल्याच्या पहिल्या आठवड्यात. तबकडी तेव्हा कोरी करकरीत होती. टेप जुनी झाली नव्हती, एक्झोसेचं यंत्र जन्माला यायचं होतं. तिथं पहिल्या दिवसापासून काही वाजत नव्हतं, म्हणून तर आम्ही सगळे तिथं थांबत आलो.

मी बोनाकडे पाहिलं. त्याला ऐकू येत नाही, पण मोजता येतं.

"टेप चांगली आहे," तो म्हणाला. "हात माझा थांबला."

"पापा, नीट विचार करा..." मास्टर त्रेसोर म्हणाले.

"मास्टर, थांबला म्हणतोय ना मी."

मी खुर्चीवर बसले. पिशवीवरच बसले, तेही मला नंतर कळलं. आत पानात गुंडाळलेला क्वांगा होता, आमची कसाव्याची भाकरी, त्याचा चेंदामेंदा झाला.

"पन्नास वर्षं, बोना," मी म्हटलं. ओरडायची ताकद नव्हती, पण त्याने ओठांवरून घेतलं. "लेओपोल खरं सांगत होता."

"हो."

"आणि तू मला..."

"दुसऱ्या दिवशी सांगणार होतो, फिलो. देवाशपथ. पण तू त्याच रात्री भावाशी भांडून मोकळी झालीस. सगळ्या वस्तीत डोकं वर करून सांगत फिरत होतीस, माझा बोना चुकत नाही म्हणून. मग मी काय सांगणार?" त्याने हात मांडीवर उलटे ठेवले. "नंतर सांगावं तर मुलं झाली. मग वाटलं, आता कशाला. मग तो गेला."

मला त्याला मारावंसं वाटलं. त्या चकचकीत बुटांसकट उचलून बाहेर फेकावंसं वाटलं. आणि त्याच वेळी माझ्या कानांत अजून त्याची गिटार पळत होती, त्याचं काय करू ते मला कळत नव्हतं. ताट मी सरकवलं होतं, प्लास्टिकच्या खुर्चीवर मी बसले होते, ते काही त्याने मला करायला सांगितलं नव्हतं.

"पण का थांबलात, पापा?" एक्झोसेने विचारलं. ती हळूच बोलली होती, तरी त्याने उत्तर दिलं.

"ऐकत होतो."

"काय?"

"पहिल्या दोन वेळी आम्ही नुसते वाजवत होतो. तिसऱ्या वेळी ते उचललं गेलं. कुणी उचललं माहीत नाही. खोलीत बारा माणसं घामाने निथळत होती, आणि मधेच असं झालं की कुणीच वाजवत नव्हतं, ते आपोआप वाजत होतं. आणि तेवढ्यात शेजारच्याने एक जागा अशी घेतली की..." तो थांबला. "तालमीत कधीच वाजवली नव्हती ती त्याने. पुन्हाही कधी नाही. मी इतक्या जवळून असलं काही ऐकलं नव्हतं. वाजवायचं विसरलो. तोंड उघडं टाकून उभा होतो. चार ठोके गेले तेव्हा भानावर आलो."

"मग प्रेसिडेंटना सांगायचं ना!"

"काय सांगू? वाजवायला उभा केला होता मला, आणि मी ऐकत बसलो?"

"शेजारी कोण?" मी विचारलं. मला माहीत होतं, तरी विचारलं.

तो खुर्चीतच वळला. एक्झोसेला म्हणाला, "सगळं लाव. सगळी वाद्यं. त्या मोठ्या खोक्यांवर लाव, आणि कमी करू नकोस."

खोली भरून गेली. गाणारे आले, ढोल आले, वरची गिटार आली. अंड्यांचे ट्रे भिंतीवर थरथरायला लागले. बोना उठला आणि खोक्याच्या अगदी पुढ्यात जाऊन उभा राहिला. मी पाहिलं तर त्याची मान ठेका धरत होती, एकदम अचूक. बोटीने त्याला जे जाड आवाज ठेवले होते त्यांत बेस होता.

"हे मला ऐकू येतं," तो वळून म्हणाला. "एवढंच येतं. इकडे ये, फिलो. तू पाय उचलू नकोस या वेळी. नुसती ऐक. आता येईल."

पन्नास वर्षांत त्या जागी मी काही ऐकलंच नव्हतं. तिथं मी पाय सांभाळण्यात गुंतलेली असायचे, कुणाचा तोल जातो ते बघून हसण्यात. या वेळी मी दोन्ही पाय जमिनीवर ठेवले. आजूबाजूला मास्टर त्रेसोर आणि एक्झोसे सवयीने बगळे झाले.

बोनाची गिटार बाजूला झाली, आणि त्या मोकळ्या जागेतून बेस वर आला. तीन सूर, पायऱ्या उतरल्यासारखे खाली. चौथा यायला हवा होता तिथं आला नाही. मला वाटलं, चुकला. आणि मग तो आला, उशिरा, मोठा, सगळ्यांच्या खालून, आणि अख्खं गाणं त्याने असं खांद्यावर घेतलं जसं लहानपणी मला नदीवर न्यायला घ्यायचा. तो हसून वाजवत होता. हसून वाजवलेलं कळतं.

"लेओपोल," मी म्हटलं.

"हो," बोना म्हणाला. त्याचे डोळे वाहत होते आणि तो ते पुसत नव्हता. "मी थांबलो हे त्याला माहीत होतं. का थांबलो ते कधी सांगितलं नाही."

गाणं पुढे गेलं आणि संपलं. एक्झोसेने नाक पुसलं, हेडफोन गळ्यात नीट केले आणि माझ्याकडे वळली, कारण बोना अजून खोक्याकडे तोंड करून उभा होता.

"मा फिलो, मग ते भोक? भरू की राहू दे?"

"ते भोक नाहीये, पोरी," मी म्हटलं. "तिथं माझा भाऊ आहे. परत लाव."

तिने परत लावलं.